एक पिकअप, दोन नॉब आणि बाबा

‘‘काय गं, आत सतार आहे का?’’

शनिवार. संध्याकाळचे साडेसहा. मुलुंडहून पकडलेली डोंबिवली स्लो. लेडीज डब्यात पाय ठेवायला जागा नाही आणि माझ्या पाठीवर जवळजवळ माझ्याच उंचीची एक काळी बॅग. ठाण्याला लोंढा आत आला तेव्हा बॅग माझ्या पाठीवरून कधी उतरली आणि चौथ्या सीटवरच्या काकूंच्या मांडीवर कधी गेली, कळलंच नाही. विचारणाऱ्या त्याच.

‘‘गिटार आहे, काकू. इलेक्ट्रिक.’’

‘‘अगंबाई! मग शॉक नाही का लागत?’’

आजूबाजूच्या सगळ्या हसल्या. मीही हसले. (हा प्रश्न जरा लक्षात ठेवा मंडळी, पुढे लागणार आहे.) कळवा, मुंब्रा, दिवा करत कोपर आलं, तेव्हा काकूंनी बॅग उचलून बाळासारखी माझ्या हातात दिली. ‘‘सांभाळून उतर. पाठीला लावू नकोस, पुढे धर,’’ असा सल्लाही दिला. डोंबिवलीला मी प्लॅटफॉर्मवर पडले ती गिटारला मिठी मारूनच.

आता कबुलीजबाब. मी फ्रीलान्स जर्नलिस्ट आहे. आमच्या सोसायटीच्या भाषेत सांगायचं तर ‘घरीच असते, पण काम करते म्हणते’. दोन वर्षांपूर्वी पगाराची नोकरी सोडली. एका क्लायंटने पाच महिने रखडवलेले पैसे गुरुवारी जमा झाले आणि शनिवारी मी त्यातले चोवीस हजार रुपये मुलुंडच्या एका मुलाला दिले. तो जर्मनीला निघाला होता आणि सामान विकत होता. मिक्सर, सायकल, बीन बॅग... आणि ही. सेकंडहँड एपिफोन लेस पॉल ज्युनियर. सनबर्स्ट, म्हणजे मधे पिवळसर आणि कडेला तपकिरी-काळी होत गेलेली. कच्च्या-पिकल्या आंब्यासारखी.

घरी आल्यावर बाबांनी पेपरमधून डोकं वर न काढता विचारलं, ‘‘केवढ्याला?’’

‘‘आठ हजार.’’

‘‘हं,’’ बाबा म्हणाले.

आमच्या घरात ‘हं’ हा एक पूर्ण परिच्छेद असतो.

एकच? बाकीचे कुठे गेले?

मित्राला फोटो पाठवला, तर त्याचा पहिला रिप्लाय, ‘‘सिंगल पिकअप? दोनवाली घ्यायची ना यार!’’ आईचा प्रश्न त्याहून भारी. ‘‘पिकअप म्हणजे बाइकचा असतो तो?’’

तर पिकअप म्हणजे काय, हे थोडक्यात. इलेक्ट्रिक गिटारच्या अंगात पोकळी नसते, त्यामुळे नुसती छेडली तर ती डासाएवढी वाजते. तारांच्या खाली एक लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची लोखंडी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, वेढ्यांमध्ये इवलीशी वीज तयार होते आणि ती अँप्लिफायरकडे जाते. तो आपल्याला ऐकू येणारा आवाज. तारांचं बोलणं ऐकून घेणारा हा कान म्हणजे पिकअप.

बहुतेक गिटारींना असे दोन किंवा तीन कान असतात. पुलाजवळचा (ब्रिज, जिथे तारा अडकवतात) कान कडक, धारदार ऐकतो. मानेजवळचा गोल, गुबगुबीत ऐकतो. मधे एक स्विच. हवा तो आवाज निवडा. माझ्या ज्युनियरला एकच कान आहे, पुलाजवळ. स्विच नाही. एक व्हॉल्यूमचा नॉब, एक टोनचा. संपलं.

ही कंजुषी मुद्दाम केलेली होती. गिब्सन कंपनीने १९५४ मध्ये लेस पॉल ज्युनियर बाजारात आणली ती शिकाऊ पोरांसाठी. मोठ्या लेस पॉलचा वरचा भाग कोरून फुगीर केलेला, सोनेरी रंग, दोन पिकअप. ज्युनियरला यातलं काही नाही. महॉगनीची सपाट फळी, साध्या ठिपक्यांची खूण, पी-९० नावाचा एकच पिकअप. किंमत साधारण शंभर डॉलर, म्हणजे मोठीच्या निम्म्याहूनही कमी. लिओ फेंडरची एस्क्वायर तर त्याही आधी, १९५० मध्ये, एका पिकअपवरच आली होती.

पण पुढे गंमत झाली. शिकून झाल्यावरही काही लोकांनी ती सोडलीच नाही. माउंटन बँडच्या लेस्ली वेस्टने सत्तरच्या दशकात याच ‘शाळकरी’ गिटारमधून डोंगर हलवणारा आवाज काढला. ग्रीन डेच्या बिली जो आर्मस्ट्राँगची लाडकी ‘फ्लॉइड’ ही १९५६ सालची ज्युनियरच. आणि १९७८ मध्ये पहिल्या अल्बमने जगाला येडं करणाऱ्या एडी व्हॅन हेलनने घरी जोडलेल्या गिटारलाही कामाचा पिकअप एकच होता. मॉडेल वेगळं, पण फंडा तोच.

माझी गिब्सन नाही, गिब्सनच्याच घरातली एपिफोन. चीनमध्ये बनलेली, खिशाला परवडणारी धाकटी बहीण. ज्युनियरची ज्युनियर म्हणा ना.

हातात घेतल्यावर

पहिलं इम्प्रेशन... साधी आहे. इतकी साधी की क्षणभर वाटलं, फसलो. बॅगेचं वजन करायच्या काट्याला लटकवली, साडेतीन किलोला थोडी कमी भरली. मोठ्या लेस पॉलने खांदा धरतो म्हणतात, ही तासभर उभ्याने वाजवली तरी तक्रार नाही. काळ्या पिकअपच्या दोन्ही बाजूंना स्क्रूसाठी प्लॅस्टिकचे त्रिकोणी पंख आहेत. त्यावरून या पिकअपला म्हणतातच ‘डॉग इअर’. एकदा ते कळलं की मग गिटारमध्ये कुत्र्याचं पिल्लूच दिसायला लागतं.

मान जाड आहे. कॉलेजमधल्या माझ्या गिटारची मान पट्टीसारखी होती, हिची क्रिकेटच्या बॅटच्या मुठीसारखी. पहिले दोन दिवस अंगठा दुखला. तिसऱ्या दिवशी हाताला कळलं की पकडायला काहीतरी आहे, मग दुसरी मान नकोशी वाटायला लागली.

मानेवरची पट्टी, फिंगरबोर्ड, इंडियन लॉरेल नावाच्या लाकडाची. पूर्वी अशा ठिकाणी सर्रास शिसवीच्या जातीचं लाकूड असायचं. पण जानेवारी २०१७ मध्ये त्या सगळ्या जातीच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कागदपत्रांचं बंधन आलं आणि कंपन्यांनी दुसरी झाडं शोधली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, तोवर नवी लाकडं रुळली होती. इंडियन लॉरेल म्हणजे कुठलं झाड, म्हणून शोधलं. ते आपलं ऐन निघालं! सह्याद्रीत कुठेही दिसणारं. मगरीच्या पाठीसारखी साल असते, ते.

बाबांना सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा उठून गिटारला हात लावला. फिंगरबोर्डवरून अंगठा फिरवला. ‘‘गावच्या घराचे वासे ऐनाचे होते,’’ म्हणाले. आणि परत पेपर.

आता आवाज. अँप छोटा, घरगुती. त्याचा आवाज जिथे स्वच्छपणा संपून जरासा फाटायला लागतो तिथे ठेवला. गिटारचा व्हॉल्यूम दहावर. पहिला ई कॉर्ड... बाप रे! घसा बसलेल्या माणसाने मनापासून हाक मारावी तसा आवाज. गोड अजिबात नाही, पण खरा. आत काहीच लपत नाही. बोट अर्धवट दाबलं तर ते अर्धवटच ऐकू येतं.

मग व्हॉल्यूम सहावर आणला. तीच गिटार, तोच अँप आणि आवाज एकदम निवळला. तिनावर आणला तर बोलल्यासारखा मऊ. टोनचा नॉब पूर्ण बंद केला, आवाजावर गोधडी घातल्यासारखं झालं. मग लक्षात आलं, उजवा हात पुलापाशी नेला तर आवाज काचेसारखा टोचतो, मानेकडे सरकवला तर गोल होतो. नखाने वेगळा, बोटाच्या पेराने वेगळा. स्विचने जे व्हायचं, ते सगळं इथे हाताने करायचं. पिकअप जागचा हलत नाही, म्हणून आपण हलायचं.

हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. कॉलेजमधल्या माझ्या गिटारला तीन पिकअप होते आणि पाच पोझिशनचा स्विच. मी दर गाण्याआधी स्विच मागेपुढे करत बसायचे. दोन नंबर बरा की चार? आमचा ड्रमर वैतागून म्हणायचा, ‘‘तू आधी ठरव, आम्ही चहा पिऊन येतो.’’ ती गिटार मी नोकरी सोडताना लॅपटॉपसाठी विकली. खरं सांगायचं तर तिच्यावर मी पाचही आवाज निवडले, वाजवला एकही नाही.

आणि स्विचची ही सवय फक्त गिटारपुरती नव्हती. माझ्या लॅपटॉपवर कायम चार टॅब उघडे असायचे. एक, चालू असलेला लेख. दोन, परदेशातल्या एका कोर्सचा अर्धा भरलेला फॉर्म. तीन, पॉडकास्टचं प्लॅनिंग. आणि चार, एका कंपनीची ऑफर. कंटेंट टीम, सोमवार ते शुक्रवार, दर महिन्याच्या एक तारखेला पगार. त्यांना मी तीनदा ‘थोडा वेळ मिळेल का?’ असं लिहिलं होतं. ‘ऑप्शन ओपन ठेवायचे’ हा आपल्या पिढीचा लाडका फंडा आहे ना! नाही म्हणायचं नाही, हो म्हणायचं नाही. स्विच मधेच अडकवून ठेवायचा.

गुंऽऽऽ

पण एक प्रॉब्लेम होता. मी वाजवायची थांबले की अँपमधून सतत एक आवाज यायचा. गुंऽऽऽऽ. फ्रीज आणि भुंगा यांच्या मधला.

पी-९०सारख्या एका कॉइलच्या पिकअपचा हा जुना आजार. कॉइल तारांचं ऐकते, तसंच घरभर फिरणाऱ्या विजेचंही ऐकते. ट्यूबलाइट, पंखा, भिंतीतल्या वायरी, सगळं. गिब्सनमधल्या सेथ लव्हर नावाच्या इंजिनिअरने पन्नासच्या दशकात त्यावर उपाय काढला. शेजारी शेजारी दोन कॉइल, एकमेकींच्या उलट. दोघींची गुणगुण एकमेकींना खोडते. त्याला हंबकर म्हणतात, म्हणजे गुणगुण हाकलणारा. माझ्या ज्युनियरला तो नाही. तिची गुणगुण तिच्या किमतीत सामील आहे.

रविवारी दुपारी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. आई महिला भजनी मंडळात पेटी वाजवते, तिच्या कानातून काही सुटत नाही. म्हणाली, ‘‘हे काय सूर धरून बसलंय?’’ आणि सरळ पेटी काढून भाता हलवला. पांढरी चार... नाही. पांढरी पाच लावली आणि मान वाकडी करून ऐकत राहिली. ‘‘पाचच्या जवळ आहे. पण किंचित चढं.’’

मी चाट पडले! कारण ते शंभर टक्के बरोबर आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते आणि पांढरी पाच, म्हणजे पाश्चात्त्य जी, अगदी खालच्या सप्तकात ४९च्या आसपास येते. म्हणजे आपल्या सगळ्या घरांमधून चोवीस तास किंचित चढी पांढरी पाच वाजतेय. अमेरिकेत वीज ६०ची, तिथल्या घरांचा षड्ज वेगळा. आईला हे सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, ‘‘मग तंबोऱ्याचे पैसे वाचले.’’

हे सगळं ऐकत बाबा खुर्चीत बसले होते. बाबा वायरमन. ठाण्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मेंटेनन्सला. रिटायर झाले तरी शर्टाच्या खिशात टेस्टर असतो.

‘‘तारांना हात लावल्यावर काय होतं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘काही नाही. जरा झिणझिण्या येतात बोटांना.’’

बाबा ताडकन उठले. ‘‘प्लग काढ. आधी प्लग काढ!’’

कपाटावरून त्यांची पिशवी खाली आली. पिशवीतून एक होल्डर, त्यात शंभरचा बल्ब आणि त्याला दोन लांब वायरी. वायरमन लोकांचा टेस्ट लॅम्प. वायरी फेज आणि न्यूट्रलमध्ये घातल्या, बल्ब पेटला. मग फेज आणि वरच्या मोठ्या भोकात, अर्थिंगमध्ये. बल्ब काळाठिक्कर.

‘‘मेन बंद कर.’’

बोर्ड उघडला. आतली हिरवी वायर कापून, तिच्या टोकाला टेप गुंडाळून कोपऱ्यात सारलेली होती. कधीतरी घराचं काम निघालं तेव्हा कोणीतरी ‘नंतर जोडू’ म्हणून ठेवलेली. वर्षानुवर्षं त्या सॉकेटवर फक्त मोबाइल चार्ज होत होते, म्हणून कोणाला कळलं नाही.

काम करताना बाबा बोलतात. एरवी नाही. म्हणाले, ‘‘तीन पिनांच्या प्लगमध्ये वरची पिन लांब आणि जाड का असते सांग? आत जाताना ती पहिली लागली पाहिजे. आधी जमिनीशी नातं, मग करंट.’’ अँपच्या लोखंडी पेटीवर थोडा करंट गळत असतो, तो अर्थिंगमधून जमिनीत जातो. गिटारच्या तारा केबलमधून त्याच पेटीला जोडलेल्या. अर्थिंग नसेल तर करंटला वाट कुठली? ‘‘तू,’’ बाबा म्हणाले.

(तेव्हा इलेक्ट्रिक गिटारवाल्यांनो, एक काम करा. तारांना हात लावल्यावर बोटांत झिणझिण्या आल्या तर वाजवणं लगेच थांबवा, प्लग काढा आणि चांगला वायरमन बोलवा. ‘व्हायब्रेशन असेल’ असं म्हणून सोडून देऊ नका. मी सोडून दिलं होतं.)

हिरवी वायर जोडली, मेन चालू केला. या वेळी बल्ब लख्ख पेटला. अँप लावला. गुणगुण निम्म्याहून कमी झाली. झिणझिण्या गायब. पण मागे बारीकसं गुं राहिलंच.

‘‘हे जाणार नाही, बाबा. हा पिकअपचा स्वभाव आहे,’’ म्हणत मी त्यांना कॉइलचं सगळं समजावलं. समजावायची गरज नव्हती. चुंबक आणि तांब्याचे वेढे म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. ‘‘म्हणजे डायनॅमोच.’’ दोन उलट कॉइलचा उपायही त्यांना पटला. ‘‘पण मग थोडा आवाजही खात असेल.’’ खरंच खातो. वरच्या सुरांची धार जरा बोथट होते.

‘‘म्हणजे हिला घरातलं सगळं ऐकू येतं,’’ बाबा म्हणाले. ‘‘बोलत तेवढं नाही.’’

मग थोडं थांबून, ‘‘आणि स्विच नाही ते बरं. जेवढे स्विच जास्त तेवढे फॉल्ट जास्त.’’

पासबुक

नवीन महिना लागला. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बाबा बँकेत जातात आणि सगळ्यांची पासबुकं भरून आणतात. पेन्शन जमा झाली का बघायला जायचं, तर बाकीची पासबुकंही बरोबर न्यायची. हे मी शाळेत असल्यापासून चालू आहे. माझं खातं शाळेत असतानाच उघडलेलं, पासबुक कपाटात त्यांच्याच फाइलमध्ये. मी आयुष्यात कधी ते उघडलं नव्हतं. मोबाइलवर बॅलन्स दिसतो की!

संध्याकाळी मी गिटार घेऊन बसले होते. बाबांनी पासबुक टेबलावर ठेवलं. उघडं. शेवटच्या ओळीच्या थोडं वर, चोवीस हजार.

मी काहीच बोलले नाही. काय बोलणार? पिकअप गुंऽऽ करत होता.

‘‘बाबा, मी...’’

‘‘वस्तू चांगली आहे. चोवीसला महाग नाही,’’ ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसायला लागले. ‘‘जूनमध्ये काहीच आलं नव्हतं तुझं.’’

माझ्या पोटात खड्डा पडला. जून. तो महिना मी कोणालाच सांगितला नव्हता. रोज सकाळी लॅपटॉप उघडून बसायचे, टायपिंगचा आवाज जाईल इतपत टाइप करायचे. मार्चमध्येही फक्त एक पेमेंट आलं होतं, बाराशेचं. दोन वर्षं दर महिन्याला बाबा बँकेच्या मशीनमध्ये माझं पासबुक घालत होते, ओळी मोजत होते आणि घरी येऊन ‘हं’ म्हणत होते. आणि मला आता आठवलं की लाइटबिलाचा माझा हिस्सा त्यांनी जूनमध्ये मागितलाच नव्हता. मला वाटलं होतं, विसरले.

‘‘तुम्ही विचारलं का नाही?’’

‘‘तू सांगितलं का नाहीस?’’

झालं. फिट्टंफाट.

मग मी सगळंच सांगितलं. ऑफर सांगितली, पगाराचा आकडा सांगितला. तीनदा वेळ मागितला, तेही. मला वाटलं, बाबा म्हणणार, घे. एकतीस वर्षं एका गेटमधून आत-बाहेर केलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

बाबा बराच वेळ गप्प होते. ‘‘घे म्हणत नाही, नको म्हणत नाही. घे म्हणावंसं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण ‘बघते’ म्हणू नकोस. बघते म्हटलं की समोरचाही अडकतो आणि आपणही. आमच्याकडे लाइन चालू की बंद एवढंच असतं. मधलं काही नसतं. मधल्यात माणूस मरतो.’’

त्या रात्री मी चार नंबरचा टॅब उघडला आणि दोन ओळींचं मेल लिहिलं. आभार, आणि नाही. सेंड दाबताना हात थरथरला. पहिल्यांदा ई कॉर्ड लावताना थरथरला होता, तसाच. मग कोर्सचा फॉर्मही बंद केला. पॉडकास्टचाही. एक टॅब उरला. चालू असलेला लेख.

हे धाडस वगैरे काही नाही हं. उद्या पुन्हा एखादा जून येऊ शकतो, मला माहीत आहे. म्हणून काही गोष्टी बदलल्या. आता नवीन क्लायंटकडून काम सुरू करायच्या आधी अर्धे पैसे मागते. दोघांनी ‘आमच्याकडे अशी पद्धत नाही’ म्हणून सांगितलं, एकाने मुकाट्याने पाठवले. आणि बाबांच्या हुकुमावरून दर महिन्याला दीड हजारांची आरडी सुरू केली. ‘‘कितीही छोटी असू दे, पण महिन्यात पहिली ती जाऊ दे,’’ ते म्हणाले. ‘‘बाकीचं मग लाव.’’ लांब पिन आधी. मी काही बोलले नाही, पण मला कळलं.

आता गिटारला दीड महिना झाला. अंगठा दुखत नाही. दोन नॉब अजून पुरे पडतायत. कोणी विचारलं की एकाच पिकअपची गिटार घ्यावी का, तर माझं प्रामाणिक मत सांगते. एका गाण्यात पाच प्रकारचे आवाज हवे असतील, लग्नात-इव्हेंटमध्ये सगळ्या तऱ्हेची गाणी वाजवायची असतील, तर नका घेऊ, अडून बसाल. घरात ट्यूबलाइटखाली अगदी शांत रेकॉर्डिंग करायचं असेल तर हंबकरवाली बघा. पण आपला हात नेमका काय करतो हे एकदा ऐकून घ्यायची तयारी असेल, तर जरूर घ्या. हिच्यापासून काही लपत नाही.

आणि एक शोध लागलाय. उरलेली बारीक गुणगुण आपण कुठल्या दिशेला तोंड करून बसतो त्यावर कमी-जास्त होते. कॉइल फिरली की तिला वीज कमी ऐकू येते. मी खुर्ची घेऊन घरभर फिरले. बेडरूममध्ये जास्त, खिडकीशी मध्यम. सगळ्यात शांत जागा सापडली ती हॉलमध्ये, बाबांच्या खुर्चीच्या बरोबर समोर. आता रोज संध्याकाळी मी तिथे बसते. बातम्या चालू असतात. ते टीव्हीचा आवाज थोडा कमी करतात, मी व्हॉल्यूमचा नॉब सहावर आणते. मधे कुठेतरी जमतं.

अरे हो, ट्रेनमधल्या त्या काकूंना उत्तर द्यायचं राहिलंच. कुठे भेटलात तर सांगते...

लागतो, काकू. अर्थिंग नसेल तर लागतो.